डॉक्टरांचे हात : व्हिएन्ना ते जिनिव्हा

रुग्णालयात जंतुसंसर्ग पसरला की बोट आधी सफाई कामगारांकडे जाते, मग सिस्टरांकडे. इतिहास मात्र सुरू होतो डॉक्टरांपासून.

१८४०च्या दशकात व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. पहिल्यात बाळंतज्वराने दहा टक्क्यांच्या आसपास बायका दगावत, दुसऱ्यात चारएक टक्के. गावभर ही गोष्ट माहीत होती. पहिल्या विभागात भरती करू नका म्हणून बायका गयावया करत. तिथला सहायक डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस याने गर्दी, हवा, इतकेच काय, घंटा वाजवत वॉर्डातून जाणारा पाद्रीसुद्धा कारण म्हणून तपासून पाहिला. मार्च १८४७मध्ये त्याचे सहकारी प्राध्यापक याकोब कोलेच्का शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याची सुरी लागून वारले. त्यांच्या शवात बाळंतिणींसारख्याच खुणा निघाल्या आणि कोडे सुटले. प्रेत चिरलेले हात थेट बाळंतिणीच्या तपासणीला जात होते. सुईणींचा शवागाराशी संबंधच नव्हता.

मेपासून त्याने ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेले मृत्यू जूनमध्ये २ टक्क्यांच्या घरात आले. तरी १८४९मध्ये त्याच्या नोकरीची मुदत वाढवली गेली नाही. आपणच रोग्यांना मारतो, हे वरिष्ठांच्या पचनी पडणे कठीणच होते. त्यात सेमेलवाइसने सविस्तर पुस्तक काढायला १८६१ उजाडवले आणि विरोधकांना शिव्याशापांची पत्रे धाडली. यात त्याचाही दोष होताच.

पुढे ब्रिटिश सर्जन जोसेफ लिस्टर यांचे जंतुनाशक कार्बोलिक आले, जंतुशास्त्र आले, ऑपरेशन थिएटरची शिस्त बसली. वॉर्डातली मात्र बसली नाही. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिये पिते यांच्या गटाने १९९४मध्ये मोजले, तेव्हा गरजेच्या वेळी हात स्वच्छ करण्याचे प्रमाण ४८ टक्के भरले. त्यांनी उपदेशाबरोबर एक साधी सोय केली : सिंकपर्यंत जाणे, साबण लावणे, पुसणे यात मिनिट मोडते, म्हणून हातांना चोळायच्या अल्कोहोलची बाटली खाटेशीच ठेवली. १९९७पर्यंत प्रमाण ६६ टक्क्यांवर गेले. ही सुधारणा सिस्टर आणि त्यांच्या मदतनिसांमुळे झाली. डॉक्टर होते तिथेच राहिले.

२००३च्या एका अमेरिकन पाहणीत याचे एक कारण दिसते. खोलीतल्या वरिष्ठाने हात स्वच्छ केले नाहीत, तर बाकीचेही फारसे करत नाहीत.