मूळ पाप आणि इच्छास्वातंत्र्य : वादाची पार्श्वभूमी

मराठीत या कल्पनेला मूळ पाप, आद्य पाप आणि जन्मपाप असे तीन शब्द चालतात. सगळ्यात जास्त घोटाळा तिसऱ्याने केला. जन्मपाप म्हटले की आपल्याकडे पूर्वजन्मीचे संचित आठवते. ख्रिस्ती श्रद्धेत पूर्वजन्मच नाही. तिथला प्रश्न असा : पहिला माणूस आदाम याने देवाची आज्ञा मोडली, ते पाप माझ्यापर्यंत येते कसे, आणि येत असेल तर माझ्या निवडीला अर्थ काय उरतो?

एदेन बागेत आदाम आणि हव्वेने मना केलेले फळ खाल्ले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण बायबलच्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकातल्या त्या तिसऱ्या अध्यायात 'पाप' हा शब्द येतच नाही. तो येतो चौथ्यात, आदामाचा मुलगा काइन याच्या वेळी. पाप दाराशी टपून आहे, तू त्याच्यावर ताबा ठेव, असे देव त्याला बजावतो. सुरुवातीच्या शतकांतले ग्रीक लेखकही बहुतेक निवडीच्याच बाजूचे होते, कारण त्यांची झुंज नशीब ग्रहताऱ्यांवर टाकणाऱ्यांशी होती.

गाठ बसली ती भाषांतरात. बायबलमधल्या पौलाच्या रोमकरांस पत्र ५:१२ मध्ये 'एफ् हो' असे दोन छोटे ग्रीक शब्द आहेत. आजचे बहुतेक अभ्यासक त्यांचा अर्थ 'कारण' असा लावतात : सर्वांनी पाप केले, म्हणून मरण सर्वांपर्यंत पोचले. आपल्या मराठी पवित्र शास्त्रातही साधारण हाच अर्थ आहे. जुन्या लॅटिनमध्ये मात्र त्याचे 'इन क्वो', म्हणजे 'ज्याच्यामध्ये', झाले. मग आदामामध्येच सर्वांनी पाप केले, असे वाचता येऊ लागले. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहराचे बिशप ऑगस्टीन यांनी ते तसेच वाचले.

त्यांची सगळी भिस्त या दोन शब्दांवर होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. बाप्तिस्मा पापक्षमेसाठी असेल, तर तान्ह्या बाळाला तो कोणत्या पापासाठी, हा त्यांचा सवाल बिनतोड होता. शिवाय अनुभव होता. सोळाव्या वर्षी मित्रांसोबत त्यांनी शेजारचे पेअरचे झाड रात्री झोडपले आणि फळे डुकरांपुढे टाकली. भूक नव्हती, चोरीचीच गोडी होती. बिघाड इच्छेतच आहे, असे ते म्हणत ते या अनुभवातून.

वादात समोर होते ब्रिटनमधून रोमला आलेले एक तपस्वी, पेलाजियस. देव अशक्य ते सांगत नाही, म्हणून माणूस आज्ञा पाळू शकतो, असे त्यांचे म्हणणे. पंचाईत अशी की इच्छास्वातंत्र्यावर बिशपांनीच तरुणपणी लिहिलेली वाक्ये या तपस्व्यांनी आपल्या बाजूने पुढे केली. ४१५ मध्ये पॅलेस्टाइनमधल्या धर्मसभेने या तपस्व्यांना निर्दोष ठरवले. ४१६ मध्ये आफ्रिकेतल्या सभांनी दोषी धरले. ४१७ मध्ये नव्या पोपनी पुन्हा त्यांच्याकडे कल दाखवला. मग ३० एप्रिल ४१८ रोजी सम्राटाने हद्दपारीचा हुकूम काढला, आणि कार्थेजची मोठी धर्मसभा भरली ती दुसऱ्या दिवशी, १ मे रोजी. पोपही फिरले. इटलीतल्या १८ बिशपांनी या निषेधावर सही नाकारली आणि पदे गमावली. सिद्धान्त कोणाचाही बरोबर असो, राजाज्ञा आधी आणि धर्मनिर्णय मागून, हा क्रम मला आजही खटकतो.

पूर्वेकडच्या मंडळ्या या वादात फारशा गुंतल्या नाहीत. आदामाकडून वारशाने मरण येते, अपराध नाही, ही त्यांची धारणा टिकली. पश्चिमेत ५२९ मध्ये ओरांजच्या सभेने मधली वाट काढली : माणसाच्या प्रयत्नाआधी देवाची कृपा, पण देव कोणाला वाईटासाठी नेमत नाही. १५२४-२५ मध्ये रॉटरडॅमचे विद्वान इरॅस्मस आणि विटेनबर्गचे प्राध्यापक मार्टिन ल्यूथर यांच्यात इच्छा मोकळी की बांधलेली, यावर जुंपली. कॅथलिक चर्चच्या त्रेंतच्या परिषदेने १५४६ मध्ये मूळ पापाचा सिद्धान्त पक्का केला. पुढच्याच वर्षी इच्छा दुबळी झाली, नष्ट झाली नाही, असेही नोंदवले. त्यानंतर ७० वर्षांच्या आत, १६१६ मध्ये, गोव्यात फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण हे काव्य छापले गेले आणि आदामाचे पतन मराठी ओवीत आले.

१९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाने हे पाप 'केलेले' नव्हे, तर 'लागलेले' आहे, असे स्पष्ट केले. मराठीत 'लागलेले' इथे चपखल बसते. 'जन्मपाप'पेक्षा कितीतरी जास्त. हिप्पोच्या बिशपांनी बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांना सौम्य का होईना, शिक्षाच सांगितली होती. २००७ मध्ये रोममधल्या धर्मपंडितांच्या आयोगाने लिहिले की अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणे आहेत.