दारूबंदीतली अमेरिकी बोली: काही शब्दांची पार्श्वभूमी

जुन्या अमेरिकी गुन्हेपटांत दारू आणि पैशासाठी जे शब्द कानावर पडतात, ते सगळे १९२० ते १९३३ या देशव्यापी दारूबंदीतले, असा सर्रास समज आहे. खरे तर त्यातले बरेचसे त्याआधीचेच. दहा डॉलरच्या नोटेला ‘सॉबक’ म्हणत, कारण जुन्या नोटेवरचा रोमन दहा (X) लाकूड कापायच्या फुलीच्या घोडीसारखा दिसे. शंभराची ‘सी-नोट’ही रोमन शंभराच्या ‘C’ या खुणेवरूनच आली. पाचाची ‘फिन’ युरोपीय ज्यूंच्या यिडिश भाषेतली आणि ‘ग्रीनबॅक’ यादवी युद्धात छापलेल्या हिरव्या पाठीच्या नोटांची. हजाराचा ‘ग्रँड’ मात्र विसाव्या शतकातला. मुंबईच्या पेटी-खोक्याच्याच जातकुळीतला.

दारूच्या शब्दांमागे बहुतेक वेळा एखादा स्थानिक निर्बंध सापडतो. १८६७ मध्ये अमेरिकेने अलास्का विकत घेतल्यावर लष्कराने तिथे दारूला मज्जाव केला. मग तिथल्या मूळच्या टलिंगिट लोकांच्या ज्या गावाची गावठी प्रसिद्ध झाली, त्या गावाचे नाव तिला चिकटले आणि क्लोंडाइकच्या सोनेशोधकांच्या तोंडी त्याचे ‘हूच’ झाले. बुटात बाटली लपवून विकणारा ‘बूटलेगर’ १८८० च्या दशकातला. ‘स्पीकईझी’, म्हणजे हळू बोला, हा शब्दही तेव्हाच पेनसिल्व्हेनियात रुजला. तिथे परवाना शुल्क पन्नास डॉलरवरून एकदम पाचशेवर नेले आणि छोट्या गुत्तेवाल्यांनी परवान्याविनाच धंदा चालू ठेवला. १९२० नंतर हे शब्द फक्त देशभर पसरले.

त्या काळाचा अस्सल स्वतःचा शब्द म्हणजे ‘स्कॉफलॉ’, आणि तो गुत्त्यात जन्मलाच नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या एका धनिक दारूबंदीवाल्याने स्पर्धा जाहीर केली: कायदा धाब्यावर बसवून पिणाऱ्याला लाज वाटेल असा शब्द सुचवा, दोनशे डॉलर घ्या. पंचवीस हजारांहून अधिक शब्द आले. जानेवारी १९२४ मध्ये निकाल लागला. ‘कायद्याची खिल्ली उडवणारा’ अशा अर्थाचा हा जोडशब्द दोघांनी स्वतंत्रपणे पाठवला होता, म्हणून बक्षीस निम्मे-निम्मे वाटले गेले.

या निवडीवर तेव्हाच टर उडाली, पण खरी मेख वेगळीच होती. दारूबंदी आणणाऱ्या घटनादुरुस्तीने बंदी घातली होती ती दारू बनवणे, विकणे आणि वाहून नेणे यांवर, पिण्यावर नव्हे. बंदीआधी साठवलेली दारू घरात बसून पिणे तर उघड कायदेशीर होते, आणि ऐपत असलेल्यांनी तळघरे आधीच भरून ठेवली होती. चोरटी दारू पिणाऱ्यालाही केवळ पिण्याबद्दल केंद्राच्या कायद्याने शिक्षा नव्हती. जिथे कलम पोचत नव्हते तिथे शिवी पोचवायची, असा तो खटाटोप होता. एरवी अशा बोलीतले शब्द कायद्याला चुकवणारे घडवतात. इथे कायद्याच्या कैवाऱ्यांनी घडवला, आणि म्हणूनच त्यात लाज उतरली नाही, असे मला वाटते. खिल्ली उडवणारा म्हटल्यावर पिणारा उलट रुबाबदारच वाटू लागतो. निकालाला दोन आठवडे होत नाहीत तोच पॅरिसमधल्या एका बारने राय व्हिस्की, व्हर्मूथ, लिंबू आणि डाळिंबाचे सरबत एकत्र करून ‘स्कॉफलॉ’ नावाचे कॉकटेल विकायला काढले. गिऱ्हाइकांत अर्थातच अमेरिकी प्रवाशांचा भरणा होता.

डिसेंबर १९३३ मध्ये बंदी उठली. ‘बूटलेग’ पुढे गाण्यांच्या चोरट्या ध्वनिमुद्रणांना लागले. ‘मूनशाईन’, एके काळी रात्री चांदण्यात गाळलेली चोरटी दारू, आज कर भरून काचेच्या बरणीत विकली जाते. ‘स्पीकईझी’ची पाटी लावून महागडे बार चालतात. ‘स्कॉफलॉ’चा मात्र दारूशी संबंध जवळपास तुटला, पार्किंगचे दंड थकवणाऱ्या वाहनमालकांना अमेरिकेतली शहरे आता त्याच नावाने नोटिसा बजावतात.