दोन पाट्यांची पेशी

बेळगावात गणपत गल्लीतून चालत गेलं की दुकानांवर कन्नड आणि मराठी अशा दोन्ही पाट्या दिसतात. गिऱ्हाईक ज्या भाषेत भाव विचारेल, त्याच भाषेत उत्तर मिळतं. आपल्या रक्तातल्या टी-पेशींच्या, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या, आयुष्यातही असा दोन पाट्यांचा काळ येतो. आमच्या दुकानदाराचं दोन्हींवर निभतं. पेशीला मात्र एक पाटी उतरवावी लागते.

या पेशींचं बी अस्थिमज्जेतलं, पण त्या घडतात छातीच्या मधल्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत. ही ग्रंथी कशासाठी असते, हे १९६१ साली जॅक मिलर यांनी नवजात उंदरांची थायमस काढून दाखवलं. तोवर ती बिनकामाचीच समजली जायची.

पेशी तिथे पोचते तेव्हा तिच्या अंगावर सीडी४ नसतं, सीडी८ही नसतं. मग ही दोन्ही प्रथिनं, म्हणजेच तिच्या दोन पाट्या, एकदम उगवतात. शेजारी मुख्य ग्राही, म्हणजे समोरचं ओळखणारं प्रथिन, असतो आणि आता त्याची परीक्षा होते. आसपासच्या पेशी एमएचसी नावाच्या रेणूंवर प्रथिनांचे तुकडे धरून उभ्या असतात. ग्राहीला त्यातलं काहीच ओळखता आलं नाही तर पेशी मरते. स्वतःच्याच शरीराच्या तुकड्याला फार घट्ट चिकटला तरी बहुधा मरते. शंभरातल्या पाचदेखील वाचत नाहीत.

वाचलेलीने कोणती पाटी ठेवायची? आज सर्वाधिक मान्य असलेली मांडणी मला फार आवडते: पेशी आधी सीडी८ कमी करून बघते. ग्राहीकडून आत येणारा संदेश चालूच राहिला, तर तिचं काम सीडी४वर भागतंय. ती इतर लढाऊ पेशींची मदतनीस होते. संदेश तुटला, तर सीडी८ परत आणते, सीडी४ उतरवते आणि विषाणू शिरलेल्या पेशी मारणारी होते. म्हणजे चक्क पाटी काढून धंदा चालतो का ते पाहणं!

पुढेही बदल थांबत नाहीत. शेतात पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, ती लसिका गाठ. थायमसमधून निघालेली कोरी पेशी अशा गाठींतून हिंडत राहते, कारण तिथे शिरायला लागणारं सीसीआर७ हे प्रथिन तिच्याकडे असतं. जंतूशी गाठ पडून ती लढायला निघाली की सीसीआर७ गळतं. सीडी४५ हे आणखी एक पाटीचं प्रथिन तर त्याच जनुकाच्या नकलेची वेगळी कापणी होऊन बनू लागतं: कोऱ्या पेशीवर लांब ‘आरए’, अनुभवी पेशीवर आखूड ‘आरओ’.

प्रयोगशाळेत चमकणारे रंग जोडलेली प्रतिपिंडं (ठरावीक प्रथिनालाच चिकटणारी प्रथिनं) या पाट्यांना चिकटवतात आणि पेशी एकेक करून लेझरसमोरून सोडतात, सेकंदाला हजारो; कोणता रंग चमकला त्यावरून पाटी कळते. पण निव्वळ ‘आरए’ पाहून पेशीला कोरी म्हटलं तर फसगत होते. काही जुन्याजाणत्या पेशी, विशेषतः सीडी८वाल्या, ‘आरए’ची पाटी पुन्हा लावतात. म्हणून सोबत सीसीआर७ही बघतात: कोरीवर ते असतं, या जुन्यांवर नसतं.