स्त्री-पुरुष विषमता आणि आर्थिक विकास

गरीब देशांत शिक्षण, आहार, औषधपाणी, मालमत्ता, मजुरी आणि निर्णयाचा अधिकार यांबाबत बाई आणि पुरुष यांच्यात पडणारे अंतर, आणि त्या देशांची आर्थिक वाढ, यांचा एकमेकांशी असलेला संबंध. हे अंतर श्रीमंत देशांतही आहे, पण गरिबीत ते थेट जिवावर बेतते. मुलींना मुलग्यांइतकेच अन्न आणि उपचार मिळाले असते, तर आशिया व उत्तर आफ्रिकेत आणखी १० कोटींहून अधिक स्त्रिया हयात असत्या, असा हिशेब अमर्त्य सेन यांनी १९९० मध्ये मांडला.

या विषयाला अर्थशास्त्रात जागा मिळवून दिली ती डॅनिश अर्थतज्ज्ञ एस्टर बोसरप यांनी. विकासाच्या योजना आखणारे ‘शेतकरी’ म्हणजे पुरुष असेच धरून चालत. बोसरप यांनी १९७० मध्ये दाखवून दिले, की कुदळीने केल्या जाणाऱ्या फिरत्या शेतीत बरेचसे काम बायकाच करत. नांगर आला तिथे शेत पुरुषाच्या हाती गेले. नवी अवजारे, प्रशिक्षण, नगदी पिके हेही मग पुरुषांकडेच आले. ज्या समाजांचे पूर्वज नांगराने शेती करत, तिथे आजही घराबाहेर काम करणाऱ्या बायकांचे प्रमाण कमी आढळते, असे २०१३ मधील एका संशोधनातून पुढे आले. नांगर सुटला, पण त्याने घातलेली वहिवाट सुटली नाही.

विषमतेने बाईवर अन्याय होतो हे उघडच आहे. या विषमतेने घराचेही नुकसान होते, हे पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशातल्या शेतांवर फार स्पष्ट दिसले. तिथे एकाच घरात नवरा आणि बायको वेगवेगळे तुकडे कसतात. अर्थतज्ज्ञ क्रिस्टोफर उड्री यांनी १९९६ मध्ये त्यांची तुलना केली. तेच घर, तेच वर्ष, तेच पीक. तरी बायकोच्या तुकड्यातले उत्पन्न सुमारे ३० टक्के कमी. कारण मजूर नवऱ्याच्या शेतात राबत होते आणि खतही जवळजवळ सगळे तिथेच पडत होते. भरपूर खत मिळालेल्या रानात आणखी एक पाटी टाकून फारसा फरक पडत नाही. तीच पाटी बायकोच्या उपाशी जमिनीत पडली असती तर पीक वाढले असते. बाहेरून काहीही न आणता, आहे तेच खत आणि मनुष्यबळ नीट वाटले असते तर घराचे उत्पादन सुमारे ६ टक्क्यांनी वाढले असते. घर म्हणजे एक कमाई आणि एकच मन, हे अर्थशास्त्राचे जुने गृहीतक इथे कोसळते.

पैसा कोणाच्या हाती येतो यानेही फरक पडतो. दक्षिण आफ्रिकेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कृष्णवर्णीय वृद्धांचे निवृत्तिवेतन वाढले. ते आजीला मिळाले त्या घरांतल्या नातींचे पोषण सुधारले. आजोबांना मिळाले तिथे तसा परिणाम आढळला नाही. चीनमध्ये १९७८ नंतरच्या आर्थिक सुधारणांनी चहाला चांगला भाव आला. चहाची पाने खुडण्याचे काम मुख्यतः बायकांचे असल्याने त्यांची कमाई वाढली, आणि चहाच्या भागांत जिवंत राहणाऱ्या मुलींचे प्रमाणही वाढले.

मग देश श्रीमंत झाला की विषमता आपोआप सरेल का? अनुभव तसा नाही. भारतात १९९१ नंतर उत्पन्न वाढत होते. त्याच दशकात सहा वर्षांपर्यंतच्या दर १,००० मुलग्यांमागे मुलींची संख्या ९४५ वरून ९२७ वर घसरली. सोनोग्राफी परवडू लागली आणि तिचा वापर मुली नाकारण्यासाठी झाला. अर्थतज्ज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवलेली गोष्टही याच्या जवळची आहे: उत्पन्न वाढू लागते तेव्हा बायकांचे कमावते काम आधी घटते, आणि शिक्षण व कार्यालयीन नोकऱ्या वाढल्यावरच पुन्हा वाढते. अर्थतज्ज्ञ एस्तेर द्युफ्लो यांनी २०१२ मध्ये सर्व पुरावा तपासून निष्कर्ष काढला, की विकास आणि समता एकमेकांना हातभार लावतात, पण एकीला गती दिली की दुसरी आपसूक येईल इतके हे नाते बळकट नाही. म्हणूनच समतेचे समर्थन केवळ वाढीच्या आकड्यांवर टेकवणे धोक्याचे आहे. वाढ झाली नाही, तरी मुलीचा जगण्याचा आणि शिकण्याचा हक्क तिळमात्र कमी होत नाही.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात घरचा स्वयंपाक, बाळांचे संगोपन, आजाऱ्याची सेवा यांना जागा नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अंदाजानुसार जगात असे बिनपगारी काम रोज १,६४० कोटी तास होते, आणि त्यातले तीन चतुर्थांशांहून अधिक बायका करतात. हा वेळ मोकळा झाला की काय होते, ते दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलु-नाताल प्रांतात दिसले: गावांत वीज पोचल्यावर बायकांचा रोजगार वाढला.

उपायांमध्ये वारसाहक्क, जमिनीच्या कागदावर दोघांची नावे, आईच्या हाती अनुदान असे अनेक प्रयोग झाले आहेत. छोट्या कर्जांकडून फार आशा होती. त्यांचा परिणाम माफकच ठरला. पंचायतींमधील बायकांच्या आरक्षणाचा परिणाम मात्र खोलवर गेला. पश्चिम बंगाल आणि राजस्थानात महिला सरपंचांनी पिण्याच्या पाण्यावर अधिक खर्च केला, कारण गावातल्या बायकांची मागणी तीच होती. पश्चिम बंगालमधील ज्या गावांत सलग दोन वेळा सरपंचपद बायकांसाठी राखीव राहिले, तिथे आईबापांच्या मुलींविषयीच्या अपेक्षा वाढल्या, मुलामुलींच्या शिक्षणातले अंतर मिटले, आणि मुलींचा घरकामात जाणारा वेळ कमी झाला.