एपिस्कोपल चर्चचा उपवासकाळ: हद्दपार झालेली राख परत कशी आली

फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास एका बुधवारी अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चमध्ये लोक रांगेने वेदीपाशी येतात. धर्मगुरू अंगठा राखेत बुडवून प्रत्येकाच्या कपाळावर क्रूस काढतात आणि म्हणतात, तू माती आहेस आणि मातीलाच मिळणार आहेस, हे लक्षात ठेव. हा भस्म बुधवार. इथून लेंट म्हणजे उपवासकाळ सुरू होतो आणि ईस्टरच्या आदल्या रात्री संपतो. हे पाहणाऱ्याला वाटेल की प्रथा पहिल्यापासून अखंड चालत आली असणार. प्रत्यक्षात राख लावण्याचा विधी या चर्चच्या अधिकृत प्रार्थनापुस्तकात १९७९ साली आला. त्याआधी चारशेहून अधिक वर्षे इंग्लंडच्या चर्चने, आणि पुढे त्यातून निघालेल्या अमेरिकन चर्चने, तो विधी पुस्तकाबाहेर ठेवला होता. उपवासकाळ एकट्या माणसाचा की सगळ्या मंडळीचा, हा प्रश्न या चर्चला शतकानुशतके कसा छळत आला, तेही या राखेच्या प्रवासातून कळते.

मुळात हा काळ मंडळीचाच होता. ३२५ सालच्या नायसिया परिषदेच्या पाचव्या नियमात ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांचा उल्लेख येतो. कॅलेंडरवर दिवस शेहेचाळीस भरतात, कारण मधले सहा रविवार मोजायचे नसतात. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाची एक यात्रेकरू स्त्री यरुशलेमला गेली होती. तिने लिहून ठेवलेले वर्णन आजही वाचायला मिळते. ईस्टरला बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्यांची नावे उपवासकाळाच्या सुरुवातीला नोंदवली जात. बिशप त्यांच्या शेजाऱ्यांना बोलावून विचारत: हा माणूस सरळ वागतो का, आईवडिलांचा मान राखतो का, दारूच्या आहारी तर गेलेला नाही ना? मग कित्येक आठवडे रोज शिकवण चाले. दुसरीकडे, ज्यांच्या हातून उघड, गंभीर पाप घडले होते त्यांना याच काळात जाहीर प्रायश्चित्त असे आणि ईस्टरपूर्वी त्यांना पुन्हा पंगतीत घेतले जाई. म्हणजे काही लोक आत येत होते, काही परत येत होते आणि उरलेली मंडळी त्यांच्यासोबत उपास करत होती.

पुढे लहान बाळांचा बाप्तिस्मा सर्रास झाला, जाहीर प्रायश्चित्त मागे पडले आणि पापी लोकांच्या डोक्यावरची राख सगळ्यांच्याच डोक्यावर आली. इ.स. १००० च्या सुमारास एल्फ्रिक हा इंग्लिश मठवासी आपल्या प्रवचनात सर्वांनी डोक्यावर राख घ्यावी असे सांगतो. अकरावे शतक संपेपर्यंत पश्चिम युरोपात ती प्रथा पक्की झाली होती.

इंग्लंडमध्ये ती मोडली १५४८ साली. सहावा एडवर्ड तेव्हा दहा वर्षांचा होता आणि कारभार सुधारणावाद्यांच्या, म्हणजे जुन्या रोमन विधींना विरोध करणाऱ्या प्रोटेस्टंटांच्या, हाती होता. राजाच्या मंत्रिमंडळाने त्या जानेवारीत भस्म बुधवारची राख, ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या आणि फेब्रुवारीतल्या कँडलमास या सणाच्या मेणबत्त्या बंद केल्या. मंतरलेल्या वस्तूंतच काही शक्ती आहे असे लोक मानू लागले आहेत, ही सुधारकांची तक्रार होती. ती खोटी नव्हती. पण विधी काढून टाकल्यावर त्या जागी काय ठेवायचे, हा पेच कँटरबरीचे आर्चबिशप थॉमस क्रॅनमर यांच्यापुढे उभा राहिला. १५४९ च्या पहिल्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकात त्यांनी भस्म बुधवारसाठी एक नवी प्रार्थना लिहिली: देवा, तू निर्माण केलेल्या कशाचाही तू तिरस्कार करत नाहीस, आमच्या ठायी नवे, पश्चात्तापी अंतःकरण निर्माण कर. राखेशिवायही ही प्रार्थना पुरेशी आहे, असे मला ती प्रत्येक वेळी वाचताना वाटते. एपिस्कोपल चर्चमध्ये भस्म बुधवारी आजही तीच म्हटली जाते.

याच पुस्तकात त्या दिवसासाठी शापवाचनाचा एक विधी होता. धर्मगुरूंनी जुन्या करारातले शाप एकेक करून वाचायचे आणि लोकांनी प्रत्येक शापाला ‘आमेन’ म्हणायचे. आईवडिलांना शाप देणारा, आंधळ्याची वाट चुकवणारा, परक्याचा आणि विधवेचा न्याय बुडवणारा. त्यातला एक आपल्या खेड्यांतही कुणाला समजावून सांगावा लागणार नाही: शेजाऱ्याच्या बांधाची खूण सरकवणारा शापित असो. या विधीच्या प्रस्तावनेत एक कबुली आहे. प्राचीन चर्चमध्ये उपवासकाळाच्या आरंभी जाहीर प्रायश्चित्ताची शिस्त होती, ती पुन्हा यावी अशी फार इच्छा आहे, पण ती येईपर्यंत हे शाप वाचूया, अशा अर्थाची. विधी काढणाऱ्यांनाच आपण काय गमावले ते ठाऊक होते.

दरम्यान उपास मात्र कायद्याने चालू राहिला, आणि तोही भलत्याच कारणासाठी. लोकांनी मांस सोडले की मासे खपतात, मासे खपले की कोळ्यांची वस्ती टिकते आणि कोळी असले की आरमाराला खलाशी मिळतात. एलिझाबेथ राणीच्या १५६३ च्या कायद्याने बुधवार हाही माशांचा वार ठरवला. हा दिवस आत्म्याच्या तारणासाठी पाळायचा आहे असे जो शिकवील त्याला खोटी बातमी पसरवणाऱ्याप्रमाणे शिक्षा होईल, असे कलमही त्यात घातले. चर्चचा उपास सरकारी धोरण झाला की त्याची काय गत होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

हा सगळा वारसा घेऊन इंग्लिश चर्च अमेरिकेत गेले. स्वातंत्र्ययुद्धानंतर तिथल्या मंडळ्यांना इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घेणारे बिशप चालणार नव्हते. म्हणून कनेटिकटचे सॅम्युएल सीबरी स्कॉटलंडला गेले आणि नोव्हेंबर १७८४ मध्ये ॲबरडीन इथे तिथल्या बिशपांकडून त्यांचा अभिषेक झाला. १७८९ मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकन चर्चने स्वतःचे प्रार्थनापुस्तक मंजूर केले. त्यात शापवाचनाचा विधी गाळला, त्यातल्या काही प्रार्थना तेवढ्या भस्म बुधवारसाठी ठेवल्या. म्हणजे राख आधीच गेली होती, आता शापही गेले. १८९२ च्या पुस्तकात पश्चात्तापाचा स्वतंत्र विधी आला, तरी राख नव्हतीच.

ती परत आणण्याची धडपड खालून सुरू झाली. १८३३ मध्ये ऑक्सफर्डला जॉन कीबल यांच्या प्रवचनानंतर जी चळवळ उभी राहिली, तिने सुधारणेपूर्वीच्या परंपरेकडे पुन्हा पाहायला शिकवले. त्याच वर्षाच्या अखेरीस एडवर्ड प्यूसी यांनी उपवासाच्या लाभांवर पुस्तिका लिहिली. प्रार्थनापुस्तक उपास सांगते आणि आपण तो पाळत नाही, हा त्यांचा सरळ मुद्दा होता. अमेरिकेत या विचाराच्या पॅरिशांमध्ये, म्हणजे स्थानिक मंडळ्यांमध्ये, जांभळी वस्त्रे, मेणबत्त्या, धूप आणि पुढे राखही आली. विरोध एवढा झाला की १८७४ च्या जनरल कन्व्हेन्शनने, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च सभेने, अशा विधींना आळा घालणारा नियम केला. तो १९०४ मध्ये रद्द झाला. तोवर एकाच शहरातल्या दोन एपिस्कोपल चर्चमध्ये दोन वेगळे उपवासकाळ दिसू लागले होते. एकात राख, क्रूसमार्गाची उपासना आणि झाकलेले क्रूस. दुसऱ्यात साधी प्रार्थना आणि लांब प्रवचन.

प्रवचनांची ती परंपराही मोठी आहे. १८९० च्या उपवासकाळात बोस्टनचे फिलिप्स ब्रुक्स न्यूयॉर्कच्या ट्रिनिटी चर्चमध्ये भर दुपारी बोलायला आले. हे चर्च वॉल स्ट्रीटच्या तोंडाशी आहे. दलाल, कारकून, बँकवाले जेवणाच्या सुटीत ऐकायला गर्दी करत. ब्रुक्स राखवाल्यांपैकी नव्हते, पण उपवासकाळ कामाच्या दिवशी, कामाच्या ठिकाणाजवळ न्यायचा हे त्यांना कळले होते.

विसाव्या शतकात पॅरिशचा उपवासकाळ बराचसा घरगुती आणि प्रेमळ झाला. आदल्या मंगळवारी पॅनकेकचे जेवण, कारण अंडी आणि लोणी उपासाआधी संपवायचे. संडे स्कूलच्या मुलांना मिशनकार्यासाठी नाणी साठवायला पुठ्ठ्याच्या डब्या. बुधवारी किंवा शुक्रवारी संध्याकाळी सूप, पाव आणि बायबल अभ्यास. १९३५ पासून फॉरवर्ड मूव्हमेंट या चर्चच्याच प्रकाशनसंस्थेच्या रोजच्या मननाच्या पुस्तिका. आणि प्रत्येकाचा आपापला नेम: कुणी गोड सोडतो, कुणी दारू. यात वाईट काही नाही. पण एगेरियाने पाहिलेल्या मंडळीची शेजाऱ्याबद्दलची विचारपूस यात उरली नव्हती. पश्चात्ताप हा आपल्या आणि देवाच्या मधला खाजगी मामला झाला होता.

तो तसा नाही, हे १९६५ च्या उपवासकाळाने दाखवून दिले. अलाबामातल्या सेल्मा इथे मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या कृष्णवर्णीय मोर्चेकऱ्यांवर पुलाजवळ पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर चालवला तो दिवस ७ मार्च, म्हणजे त्या वर्षीचा उपवासकाळाचा पहिला रविवार. मॅसॅच्युसेट्समधल्या एपिस्कोपल सेमिनरीत शिकणारा जोनाथन डॅनियल्स संध्याप्रार्थनेत मरियेचे स्तोत्र म्हणत असताना बलवानांना सिंहासनावरून खाली ओढणाऱ्या देवाच्या ओळीशी थबकला आणि सेल्माला जायला निघाला. तिथे तो आणि त्याचे सोबती कृष्णवर्णीय मित्रांना घेऊन सेंट पॉल्स या एपिस्कोपल चर्चमध्ये उपासनेला गेले, तर त्यांना दारातून परत पाठवण्यात आले. त्याच उपवासकाळात पुढे त्यांना आत घेतले गेले, तरी स्वागत थंडच होते. आत जांभळ्या वस्त्रांनी सजवलेली वेदी, ओठांवर पापांगीकार, आणि दारात हा प्रकार. त्या ऑगस्टच्या २० तारखेला हेनव्हिलमध्ये शेरीफच्या एका स्वयंसेवक डेप्युटीने सतरा वर्षांच्या रूबी सेल्सवर बंदूक रोखली. डॅनियल्सने तिला बाजूला ढकलले आणि गोळी स्वतः घेतली. मारणाऱ्याला केवळ गोऱ्यांच्या ज्यूरीने निर्दोष सोडले. चर्चने पुढे १४ ऑगस्ट हा डॅनियल्सचा स्मरणदिन ठरवला.

१९७९ च्या प्रार्थनापुस्तकाचा उपवासकाळ या दशकांनंतरचा आहे. रोमन चर्चने १९५१ पासून पवित्र सप्ताहाच्या विधींची सुधारणा सुरू केली होती, जुन्या हस्तलिखितांचा अभ्यास वाढला होता. या सगळ्यांतून भस्म बुधवारचा पूर्ण विधी तयार झाला. राख लावायची की नाही हे त्यातही ऐच्छिक आहे. अनिवार्य आहे ते त्याआधीचे आमंत्रण. धर्मगुरू मंडळीला इतिहासच सांगतात: या काळात नव्या लोकांची बाप्तिस्म्यासाठी तयारी होत असे, दुरावलेल्यांना पुन्हा जवळ घेतले जाई, आणि त्यातून सगळ्या मंडळीला क्षमेची आणि पश्चात्तापाची गरज कळत असे. १५४९ च्या प्रस्तावनेतली ती जुनी इच्छा इथे पुन्हा बोलते. पुढच्या सामूहिक पापांगीकारात इतरांच्या दुःखाकडे आणि अन्यायाकडे केलेली डोळेझाक येते, आपल्यापेक्षा वेगळ्या असलेल्यांबद्दलचा तिरस्कार येतो, सृष्टीची नासाडी येते. त्यातला कर्ता सगळीकडे ‘आम्ही’ आहे. त्या दिवसाचे शुभवर्तमान मत्तयाच्या सहाव्या अध्यायातले असते: उपास कराल तेव्हा तोंड धुवा, लोकांना दाखवू नका. ते ऐकून लगेच कपाळावर राख घ्यायची, हे अनेकांना खटकते. मला वाटते ते खटकलेच पाहिजे.

ऑक्टोबर २००८ मध्ये, उपवासकाळाबाहेर, या चर्चने गुलामगिरीतल्या आपल्या सहभागाबद्दल जाहीर पश्चात्ताप केला. जागा निवडली ती फिलाडेल्फियाचे सेंट थॉमस आफ्रिकन एपिस्कोपल चर्च. जाहीर प्रायश्चित्ताची शिस्त परत यावी म्हणणाऱ्या क्रॅनमरना ते दृश्य ओळखीचे वाटले असते की नाही, कोण जाणे; पण जाहीर प्रायश्चित्त दुसरे काय असते?

अलीकडच्या प्रथांपैकी राख रस्त्यावर नेण्याची प्रथा सर्वांत वादग्रस्त आहे. २००७ मध्ये सेंट लुइसमध्ये आणि २०१० मध्ये शिकागोच्या उपनगरी रेल्वे स्टेशनांवर एपिस्कोपल धर्मगुरू कामाला निघालेल्यांना राख लावू लागले. ब्रुक्सची दुपारची प्रवचने आठवली की चर्चने कामाच्या रस्त्यावर जाणे मला योग्यच वाटते. अडचण आहे ती आमंत्रण आणि पापांगीकार मागे ठेवून नुसती राख देण्याची. २०२० मध्ये भस्म बुधवार २६ फेब्रुवारीला नेहमीसारखा झाला आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत चर्चची दारे बंद झाली. पुढच्या वर्षी काही पॅरिशांनी राखेच्या छोट्या पुड्या घरोघर पोचवल्या.

महाराष्ट्रातल्या वाचकांना यातले बरेच परिचित वाटेल. इथली जुनी अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतली, मंडळी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाली. हे चर्च आणि अमेरिकेचे एपिस्कोपल चर्च दोन्ही अँग्लिकन परिवारातलीच.

अमेरिकन पॅरिशच्या उपवासकाळाला आज खरा अर्थ कुठे येतो, असे विचाराल तर माझे उत्तर पॅनकेक आणि राखेपेक्षा ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागराकडे बोट दाखवते. १९७९ च्या पुस्तकाने तोही परत आणला: अंधारात पेटवलेला नवा अग्नी, वचनांचे दीर्घ वाचन, आणि बाप्तिस्मा. अनेक ठिकाणी या उपासनेला थोडेच लोक येतात, सकाळच्या फुलांच्या उपासनेला चर्च भरते. पण जिथे एखादा प्रौढ माणूस बाप्तिस्म्याची तयारी करत असतो, तिथे सूप आणि पावाच्या संध्याकाळींना दिशा मिळते. अशांसाठी चर्चच्या विधींच्या पुस्तकात नावनोंदणीचा छोटा विधी दिलेला आहे. उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी उमेदवाराचे नाव वहीत लिहिले जाते, आणि त्याआधी त्याच्या जामीनदारांना, म्हणजे मंडळीतल्या त्याची हमी घेणाऱ्यांना, सर्वांसमोर विचारले जाते: हा उपासनेला नियमित येतो का, शुभवर्तमानाप्रमाणे जगायचा प्रयत्न करतो का? त्यानंतर ईस्टरपर्यंत दर रविवारी मंडळी त्याचे नाव घेऊन प्रार्थना करते.