कानस मारलेला नंबर आणि सीमेपलीकडचे दप्तर

मेक्सिकोत कायदेशीर बंदूक मिळवणे महाकठीण. विक्री लष्कराच्या हातात, दुकाने मोजून दोन. तरी कार्टेलना, म्हणजे अमली पदार्थांच्या टोळ्यांना, रायफलींची ददात नसते, कारण उत्तरेला टेक्सास आणि ॲरिझोनात परवानाधारक विक्रेते हजारोंनी आहेत. २००९ ते २०१४ दरम्यान मेक्सिकोत जप्त करून अमेरिकेकडे माग काढायला पाठवलेल्या १,०४,८५० शस्त्रांपैकी सुमारे ७० टक्के अमेरिकेतून आलेली निघाली. हे प्रमाण पाठवलेल्या शस्त्रांचे आहे, जप्त झालेल्या सगळ्यांचे नव्हे. भाषणांत हा फरक हमखास गळतो.

माग काढायचा तर सिरियल नंबर हवा, आणि टोळ्या नेमका तोच कानशीने घासून टाकतात. पण नंबर ठोकताना ठशाखालच्या पोलादाचे स्फटिकही दबून विस्कटतात. कानस अंक खाते, खालचा हा ताणलेला थर बराचसा शाबूत राहतो. प्रयोगशाळेत आधी चुंबकीय कणांची पद्धत वापरून पाहतात, कारण तिने धातू झिजत नाही. तेवढ्याने भागले नाही तर जागा गुळगुळीत करून फ्रायचे द्रावण लावतात: ९० ग्रॅम क्युप्रिक क्लोराइड, १२० मिलिलिटर संहत हायड्रोक्लोरिक आम्ल, १०० मिलिलिटर पाणी. बोळ्याने हलकेच पुसत राहिले की ताणलेला भाग आजूबाजूच्या पोलादापेक्षा वेगळ्या वेगाने झिजतो आणि अंक उमटू लागतात. दिसेल तो अंक लगेच टिपून फोटो काढायचा. पुढचा उमटेपर्यंत आधीचा पुसट होऊ शकतो. घासकाम जास्त झाले, की थरच जातो. वेल्डिंगच्या उष्णतेने स्फटिक पुन्हा जुळून येतात, मग आम्ल काही दाखवत नाही. ॲल्युमिनियमच्या सांगाड्याला वेगळे द्रावण लागते.

नंबर मिळाला की ई-ट्रेस या संगणक प्रणालीतून अमेरिकेला विनंती जाते. बरेच माग इथेच चुकतात. रोमानियात बनलेल्या एके-४७ धाटणीच्या रायफलीवर अमेरिकी आयातदाराचे नाव-गाव कोरलेले असते. ते निर्मात्याच्या रकान्यात गेले की विनंती भरकटते. मॉडेलचा आकडा सिरियल म्हणून लिहिणे, शून्य आणि ‘ओ’ यांची गल्लत, हेही नेहमीचेच.

वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्ग येथे या विनंत्या पोचतात, पण तिथल्या माग काढणाऱ्या केंद्रात नंबर टाकताच मालकाचे नाव दिसेल, असे काही नाही. बंदूकमालकांची केंद्रीय नोंदवही करायला १९८६ च्या कायद्याने मनाई आहे. म्हणून कर्मचारी उत्पादकाला विचारतात, त्याच्याकडून घाऊक व्यापारी, मग दुकानदार. दुकानदाराने २४ तासांत उत्तर द्यायचे. बंद पडलेल्या दुकानांची दप्तरे केंद्रातच जमा होतात, त्यांत हाताने शोध घ्यावा लागतो. एवढे करून सापडतो तो पहिला किरकोळ ग्राहक. विक्री आणि जप्ती यांत थोडेच महिने गेले असतील आणि तेच नाव अनेक रायफलींवर येत असेल, तर तो दुसऱ्यासाठी खरेदी करणारा बोगस गिऱ्हाईक असण्याची दाट शक्यता. २०११ पासून मेक्सिकोच्या सीमेवरच्या चारही अमेरिकी राज्यांत कुणी पाच कामकाजी दिवसांत ठरावीक प्रकारच्या दोन किंवा अधिक रायफली घेतल्या, तर दुकानदाराला ते कळवावे लागते.

हे तंत्र चालते ते एकमेकांवरच्या भरवशावर, आणि तिथे दोन्हीकडून माती खाल्ली गेली. ‘फास्ट अँड फ्युरियस’ मोहिमेत अमेरिकी तपासयंत्रणेने सुमारे दोन हजार शस्त्रे संशयितांना विकू दिली, मेक्सिको सरकारला अंधारात ठेवून. त्यांतली दोन डिसेंबर २०१० मध्ये एका अमेरिकी सीमारक्षकाच्या खुनाच्या जागी सापडली. पुढे, २०२० मध्ये अमेरिकेने मेक्सिकोच्या माजी संरक्षणमंत्र्याला लॉस एंजेलिसमध्ये अटक केली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात मेक्सिकोने परदेशी एजंटांना मिळालेली माहिती सरकारला देणे सक्तीचे केले. आपला खबऱ्या फुटेल या भीतीने एजंट हात आखडता घेऊ लागले.