संत्र्यावरील हिरवी बुरशी व तिचा नैसर्गिक प्रतिबंध

तोडणीनंतर संत्री, मोसंबी व लिंबे सडवणारा हा प्रमुख रोग पेनिसिलियम डिजिटेटम या बुरशीमुळे होतो. तिच्याच कुळातली निळी बुरशी, पेनिसिलियम इटॅलिकम, शीतगृहात जास्त वरचढ ठरते. आधी सालीवर मऊ, पाणथळ डाग पडतो, त्यावर पांढरी बुरशी पसरते आणि मधोमध हिरवट भुकटी धरते. ही भुकटी म्हणजे बीजाणू. पेटी हलली की ते उडून शेजारच्या फळांवर बसतात.

अखंड सालीतून ही बुरशी सहसा आत शिरत नाही, तिला जखम लागते. म्हणून खरा प्रतिबंध बागेतच सुरू होतो. नागपुरी संत्र्याची साल सैल असते. फळ ओढून तोडले की ती देठापाशी फाटते. त्यामुळे कात्रीने, देठ अगदी आखूड ठेवून कापावे. लांब देठ दुसऱ्या फळाला टोचतो. इथे हलगर्जी झाली, तर पुढचे सगळे उपाय लंगडे पडतात.

स्वस्त आणि आजमावलेला उपाय म्हणजे खाण्याचा सोडा. लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम, म्हणजे सुमारे ३ टक्के द्रावणात फळे दोन-तीन मिनिटे बुडवतात, साध्या पाण्यातून हलकेच काढतात व पूर्ण सुकवतात. द्रावण कोमट असेल तर गुण अधिक येतो. कॅलिफोर्नियातील बागायतदार टाकणखार (बोरॅक्स) व धुण्याचा सोडा १९२०च्या दशकात वापरू लागले. मात्र सोडा बीजाणू मारत नाही, त्यांची उगवण रोखतो. नंतर झालेल्या जखमेला त्याचे संरक्षण मिळत नाही. शिवाय मोसंबी-लिंबांइतका त्याचा गुण संत्र्याला येत नाही, हे विदर्भात ध्यानात ठेवलेले बरे. सुमारे ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात थोडा वेळ बुडवणेही उपयोगी आहे, पण तापमान चढले की साल भाजते.

ओव्यातील थायमॉल, लवंगेतील युजेनॉल व दालचिनीचे तेल प्रयोगशाळेत बुरशीला चांगलेच रोखतात. घरगुती सल्ल्यांत त्यांना भाव मिळतो तो त्यामुळेच. प्रत्यक्ष फळावर मात्र मात्रा कमी पडली तर उपयोग नाही, आणि वाढवली तर साल डागाळते, वास मागे राहतो. कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळणाऱ्या कायटोसानचा पातळ लेप त्या मानाने सोयीचा. कँडिडा ओलिओफिला हे यीस्ट जखमेतली जागा व अन्न आधीच बळकावून बुरशीला उपाशी ठेवते.

डाग दिसू लागलेल्या फळावर यांतले काहीच चालत नाही. असे फळ भुकटी धरण्याआधीच पेटीतून काढतात.